फ्रीप्लेन टाकताना आणि काढताना: माइंड मॅपच्या मोफत सॉफ्टवेअरची सविस्तर माहिती

माइंड मॅप, म्हणजे एका विषयातून फांद्या फोडत मांडलेला विचारांचा नकाशा, काढण्यासाठी एखादे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकणे हे तसे दहा मिनिटांचे काम. घोटाळा होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. आधी, कारण डाऊनलोडच्या पानावर खऱ्या बटणापेक्षा खोटी बटणे मोठी आणि जास्त चकचकीत असतात. नंतर, कारण सॉफ्टवेअर काढायची वेळ आली की कुणाला वाटते आपले नकाशेही त्याच्याबरोबर गेले, तर कुणाला वाटते सगळे साफ झाले, आणि प्रत्यक्षात अर्धा पसारा संगणकावर तसाच पडून असतो. त्यामुळे या लेखात इन्स्टॉल करण्याइतकीच जागा काढण्याला दिली आहे.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे माइंड मॅप वापरणारे दोन प्रकारचे लोक जास्त दिसतात. एक म्हणजे दहावी-बारावीची मुले, धडा एका पानावर मांडून पाठ करणारी. दुसरे म्हणजे गावच्या जत्रेला किंवा कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला नाटक बसवणारी मंडळी: पात्रे, तालमी, नेपथ्य, प्रकाश, वर्गणी हे सगळे एकाच पसरलेल्या झाडावर दिसले की कोणते काम कुणाकडे अडकले आहे ते लगेच कळते. दोघांनाही पैसे भरायचे नसतात आणि दोघांचाही मजकूर मराठीत असतो. पुढची निवड या दोन गोष्टी धरून केली आहे.

## कोणते घ्यावे

मोफत म्हणून जी नावे समोर येतात त्यांत तीन मुख्य: फ्रीमाइंड, फ्रीप्लेन आणि एक्समाइंड.

फ्रीमाइंड हे यातले सर्वांत जुने. जावा या भाषेत लिहिलेले, म्हणून चालायला जावा नावाचेच सॉफ्टवेअर संगणकावर लागणारे, मुक्त परवान्याचे. अजून पुष्कळ जणांच्या संगणकावर आहे, पण त्याचा विकास मंदावला, आणि जुन्या जावावर ते चालवले तर देवनागरी जोडाक्षरे नीट बसतीलच याची खात्री नसते. फ्रीप्लेन त्यातूनच फुटून निघाले. दिमित्री पोलिवाएव हे पूर्वी फ्रीमाइंडवर काम करणारे प्रोग्रामर, त्यांनी वेगळी वाट धरून ते वाढवले. तेही जावातच आहे, जीपीएल परवान्याखाली पूर्ण मोफत आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत असतात. एक्समाइंड दिसायला सगळ्यांत देखणे, पण त्यात फुकट आणि पैसे भरून अशा दोन पातळ्या आहेत. आज फुकट असलेली सोय उद्या कुठल्या पातळीत जाईल हे आपल्या हातात नाही.

माझे मत फ्रीप्लेनच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण दिसणे नसून फाईल आहे. फ्रीप्लेनचा नकाशा 'एमएम' या शेपटीच्या फाईलमध्ये साठतो. ही आतून साधी एक्सएमएल, म्हणजे मजकुराची फाईल. नोटपॅडमध्येही उघडते. फ्रीमाइंडचे जुने नकाशे फ्रीप्लेन वाचते आणि एक्समाइंडही फ्रीमाइंडच्या धर्तीची फाईल आत घेऊ शकते. म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी नाटकाचा वर्षभराचा आराखडा अडकून पडत नाही. खालचे सगळे फ्रीप्लेन आणि विंडोज धरून लिहिले आहे. मॅक आणि लिनक्सचे वेगळेपण मध्ये येईल.

फोनवर मात्र फ्रीप्लेन चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नकाशा संगणकावर काढायचा आणि फोनवर बघण्यापुरते त्याचे चित्र पाठवायचे.

## डाऊनलोडच्या आधी बघायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, संगणक. सेटिंग्ज उघडा, सिस्टम आणि त्यात शेवटी अबाऊट. तिथे सिस्टम टाइपपुढे ६४ बिट लिहिलेले असले की पुरे. विंडोज १० आणि ११ दोन्ही चालतात. (विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, पण त्यामुळे फ्रीप्लेन चालायचे थांबत नाही.) गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत विद्यार्थ्यांना मिळालेला जुना संगणक कुणाच्या माडीवर अजून धूळ खात असेल तर त्याच्यावर हा खटाटोप करू नका.

दुसरी गोष्ट, एस मोड. काही नवे लॅपटॉप विंडोज ११ च्या एस मोडमध्ये येतात. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीच इन्स्टॉल होत नाही. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन असे गेल्यावर एस मोडचा उल्लेख दिसला तर तिथूनच बाहेर पडता येते. पैसे लागत नाहीत, मात्र एकदा बाहेर पडल्यावर परत आत जाता येत नाही. लॅपटॉप शाळेने किंवा कचेरीने दिलेला असेल तर आधी विचारून घ्या.

तिसरी गोष्ट, पासवर्ड. इन्स्टॉल करताना विंडोज प्रशासकाची परवानगी मागते. घरचा संगणक मोठ्या भावाच्या खात्याने सुरू होत असेल तर तो घरी असतानाच बसा.

चौथी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण सोडून देतात. नकाशे कुठे ठेवायचे ते आत्ताच ठरवा. डॉक्युमेंट्समध्ये किंवा डी ड्राइव्हवर 'नकाशे' नावाचे एक फोल्डर करा. विंडोज ११ मध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर अनेकदा वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला) जोडलेले असते. ते चालेल, पण तसे आहे हे माहीत असू द्या, नाहीतर लॅपटॉप बदलल्यावर फाईल कुठे गेली म्हणून शोधत बसाल. डेस्कटॉपवर आणि डाऊनलोड्समध्ये नकाशे ठेवू नका. साफसफाईच्या झपाट्यात पहिला बळी त्याच दोन जागांचा जातो.

## खरे बटण कोणते

फ्रीप्लेनच्या फाईली सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर असतात. शोधयंत्रात फ्रीप्लेन लिहिले की वरच्या एक-दोन ओळींवर 'स्पॉन्सर्ड' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्या जाहिराती. त्या सोडून खाली या आणि पत्त्यात सोर्सफोर्ज किंवा फ्रीप्लेन हेच नाव आहे ना ते अक्षर अक्षर बघा. 'फ्री डाऊनलोड', 'लेटेस्ट सॉफ्टवेअर' असल्या नावांच्या तिसऱ्याच साइटवरून काहीही घेऊ नका.

सोर्सफोर्जबद्दल एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण जाणकार मंडळी अजूनही त्या नावाने नाक मुरडतात. २०१३ पासून काही वर्षे तिथल्या काही इन्स्टॉलरांना जास्तीची सॉफ्टवेअरे चिकटवली जात. २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. आज तिथून घ्यायला हरकत नाही. जाहिराती मात्र आहेत, आणि काही जाहिरातींवर 'डाऊनलोड' असेच लिहिलेले असते. खरे बटण फ्रीप्लेनच्या नावाजवळ असते, ते दाबल्यावर काही सेकंद उलटी मोजणी दिसते आणि मग फाईल आपोआप उतरायला लागते. त्या मोजणीच्या वेळी पानावर जे जे काही लुकलुकते ते आपले नाही.

मोठे बटण दाबण्याऐवजी फाईल्स या टॅबवर जाऊन स्वतः निवडणे मला जास्त बरे वाटते. तिथे एकाच आवृत्तीच्या अनेक फाईली दिसतील. विंडोजसाठी ज्या फाईलच्या नावात 'सेटअप' आणि 'विथ जावा' हे दोन्ही शब्द आहेत ती घ्या. नुसती 'सेटअप' नावाची फाईल लहान असते, पण तिला संगणकावर जावा आधीपासून लागते, आणि जावा शोधायला गेलात की आणखी एका जाहिरातीच्या जंगलात शिराल. नावाचा शेवट 'ईएक्सई' असावा. झिप, डेब, डीएमजी या शेपट्यांच्या फाईली विंडोजच्या इन्स्टॉलरच्या नव्हेत.

पावसाळ्यात लाईट जाऊन येऊन असते. डाऊनलोड अर्ध्यावर तुटले तर ती अर्धवट फाईल पुसून पुन्हा उतरवा. अर्धवट फाईल कधी कधी उघडतेसुद्धा, आणि मग मधेच भलतीच चूक दाखवते.

## इन्स्टॉल करताना एकेक खिडकी

डाऊनलोड्स फोल्डरमधल्या फाईलवर दोनदा क्लिक करा. इथे एक निळी खिडकी येण्याची शक्यता आहे: 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी'. हा व्हायरसचा इशारा नव्हे. ही फाईल फार लोकांनी उतरवलेली नाही किंवा तिच्यावरची सही मला ओळखीची नाही, एवढेच विंडोज सांगते आहे. फाईल खरोखर योग्य जागेवरून घेतली असेल तरच त्या खिडकीतल्या 'मोअर इन्फो' या बारीक ओळीवर क्लिक करा, मग खाली 'रन एनीवे' हे बटण उगवते. कुठून घेतली ते आठवत नसेल तर 'डोन्ट रन' दाबा आणि फाईल पुसून नव्याने सुरुवात करा.

त्यानंतर परवानगीची खिडकी येते, तिथे 'येस'. मग इन्स्टॉलर सुरू होतो. भाषा इंग्रजी राहू द्या. मदत शोधताना मेनूची इंग्रजी नावेच उपयोगी पडतात. परवान्याचे पान आले तर मान्य करा. फोल्डर विचारला तर प्रोग्राम फाईल्समधला जो आपोआप आला असेल तोच ठेवा. तो बदलून डी ड्राइव्हवर नेण्यात काही फायदा नाही. डेस्कटॉपवर आयकॉन हवा का आणि एमएम फाईली फ्रीप्लेननेच उघडायच्या का असे विचारले तर दोन्हीला होकार द्या.

'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. इथे एक कसोटी लक्षात ठेवा. फ्रीप्लेनचा स्वतःचा इन्स्टॉलर तुम्हाला कुठलाही ब्राउझर, अँटिव्हायरस किंवा संगणक 'वेगवान' करणारे सॉफ्टवेअर देऊ करत नाही. तशी ऑफर एका जरी खिडकीत दिसली तर तुमच्या हातात चुकीची फाईल आहे. चौकटीतली बरोबरची खूण काढून पुढे जाऊ नका, तिथेच 'कॅन्सल' करा, फाईल पुसा आणि विंडोज सिक्युरिटीतून एक स्कॅन चालवा.

सगळे सुरळीत झाले की 'फिनिश'. मधेच लाईट गेली तर घाबरायचे कारण नाही. संगणक परत सुरू करून तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, तो आधीच्या अर्धवट फाईलींवर नव्या लिहितो.

## मराठी उमटवणे

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीच असेल तर हा भाग सोडा. नसेल तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असे जाऊन 'ॲड अ लँग्वेज' दाबा आणि मराठी निवडा. मग मराठीपुढच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि 'ॲड अ कीबोर्ड' मधून 'मराठी फोनेटिक' जोडा. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिणाऱ्यांना हाच सोयीचा. ज्यांचा हात इनस्क्रिप्टवर (देवनागरीच्या ठरावीक कीबोर्डवर) बसला आहे त्यांनी त्याला सोडू नये. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते.

फ्रीप्लेनमध्ये अक्षर दिसते पण वेडेवाकडे, किंवा चौकोन दिसतात, असे झाले तर दोष फॉन्टचा. कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या चौकटी निवडा आणि वरच्या पट्टीतल्या फॉन्टच्या यादीतून 'निर्मला यूआय' घ्या. विंडोजबरोबर येणारा हा फॉन्ट देवनागरी व्यवस्थित दाखवतो. ज्यांना जरा देखणे हवे त्यांनी 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे मोफत फॉन्ट टाकून घ्यावेत. फॉन्ट टाकल्यावर फ्रीप्लेन एकदा बंद करून उघडा, तोवर यादीत तो दिसणार नाही.

आणखी एक अडचण: मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल आणि एस दाबून फाईल सेव्ह होत नसेल तर भाषा इंग्रजीवर आणा आणि पुन्हा दाबा.

## एक छोटा नकाशा काढून बघा

इन्स्टॉल नीट झाले की नाही ते नकाशा काढूनच कळते. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची तयारी घ्या, ती सगळ्यांच्या ओळखीची. फ्रीप्लेन उघडल्यावर मधोमध एक चौकट दिसते. ती निवडलेली असताना एफ२ दाबा, आतला मजकूर पुसून 'चवथ' लिहा, एंटर. आता टॅब दाबा, तिच्यातून एक फांदी फुटते. 'माटोळी' (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-रानफळांची आरास) लिहा, एंटर. पुन्हा एंटर दाबला की शेजारी तिच्याच पातळीची फांदी येते: 'नेवऱ्या आणि फराळ'. परत एंटर: 'पूजेचे सामान'. बाणांच्या कळांनी माटोळीवर या, टॅब दाबा आणि तिच्या आत एकेक वस्तू लिहीत जा: तोरिंगण, कांगलां, कवंडळ, चिबूड, बेड्यांचा घड, नारळाची पेंड. कोण काय आणणार ते त्या त्या वस्तूखाली आणखी एक टॅब देऊन लिहा, म्हणजे म्हापशाच्या बाजारात एकाच वस्तूसाठी दोघे जण उभे राहायला नकोत. माटोळीवर येऊन स्पेस दाबली की सगळ्या फांद्या मिटतात, पुन्हा दाबली की उलगडतात.

लिहिलेल्यात दुरुस्ती करायची असेल तर आधी एफ२ दाबायला विसरू नका. चौकट निवडून थेट टाइप करायला लागलात तर जुना मजकूर पुसून नवा येऊ शकतो. तसे झाले तर कंट्रोल आणि झेड.

आता सेव्ह करा, आणि ते मघाशी केलेल्या 'नकाशे' फोल्डरमध्येच. फ्रीप्लेन अधूनमधून आपोआप प्रती ठेवते, लाईट गेल्यावर त्या उपयोगी पडतात, पण पहिल्यांदा फाईलला नाव आणि जागा आपणच द्यायची. इतरांना पाठवायचा असेल तर फाईल मेनूतल्या 'एक्स्पोर्ट' मधून पीएनजी किंवा पीडीएफ करा. पीडीएफ उघडून जोडाक्षरे एकदा बघून घ्या. फुटलेली दिसली तर पीएनजी चित्रच व्हॉट्सॲपवर टाका, ते जसे दिसते तसेच जाते.

## मॅक, लिनक्स आणि पेनड्राइव्ह

मॅकसाठी डीएमजी फाईल. ती दोन प्रकारची असते, ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी आणि इंटेलच्या चिपसाठी. ॲपल मेनूतल्या 'अबाऊट धिस मॅक' मध्ये आपली कोणती ते कळते. फाईल उघडून आयकॉन ॲप्लिकेशन्समध्ये ओढा. पहिल्यांदा उघडताना मॅक अडवेल. सिस्टम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबले की पुढच्या वेळेपासून विचारत नाही.

उबुंटू किंवा डेबियन वापरणाऱ्यांना फारसे सांगायला नको. फ्रीप्लेन त्यांच्या सॉफ्टवेअरच्या भांडारातच मिळू शकते, सॉफ्टवेअर सेंटरमध्ये नाव शोधा आणि इन्स्टॉल करा. लागणारी जावा आपोआप येते. भांडारातली आवृत्ती जुनी असू शकते, रोजच्या कामाला पुरते. नवीच हवी असेल तर सोर्सफोर्जवरची डेब फाईल.

शाळेच्या लॅबमध्ये किंवा ग्रंथालयातल्या संगणकावर आपल्याला काही टाकायची परवानगी नसते. तिथे पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवर ठेवता येते. ती प्रोग्राम फाईल्समध्ये काही लिहीत नाही, पेनड्राइव्हवरचे फोल्डर पुसले की निघाली. उघडताना जावा सापडत नाही असा निरोप आला तर त्या संगणकावर जावा नाही एवढाच त्याचा अर्थ, पेनड्राइव्ह खराब झालेला नाही.

## काढून टाकणे

काढायचे कारण काहीही असो, जागा हवी, दुसरे सॉफ्टवेअर आवडले, लॅपटॉप विकायचा आहे. आधी हे समजून घ्या की फ्रीप्लेनच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी संगणकावर असतात. एक, खुद्द प्रोग्राम, जो प्रोग्राम फाईल्समध्ये असतो. दोन, तुमच्या आवडीनिवडींचे फोल्डर, ज्यात सेटिंग्ज, टेम्प्लेट, जोडलेली ॲड-ऑन राहतात आणि आपोआप ठेवलेल्या प्रतीही असू शकतात. तीन, तुमचे नकाशे. विंडोजचे 'अनइन्स्टॉल' यातली फक्त पहिली गोष्ट काढते.

त्यामुळे क्रम असा ठेवा.

१. फ्रीप्लेनमध्ये टूल्स मेनू उघडून 'ओपन यूजर डिरेक्टरी' दाबा. जे फोल्डर उघडेल त्याचा पत्ता वरच्या पट्टीतून टिपून ठेवा. प्रोग्राम गेल्यावर हे बटण मिळणार नाही. पुढे कधी परत टाकायची शक्यता असेल तर त्या फोल्डरची एक प्रत 'नकाशे' शेजारी ठेवा.

२. नकाशे शोधा. फाईल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी' वर जाऊन शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि इंग्रजीत एमएम असे लिहा. डेस्कटॉप, डाऊनलोड्स, जुन्या पेनड्राइव्हवरून आणलेली फोल्डरे, कुठे कुठे काय निघेल सांगता येत नाही. सगळे एका जागी आणा. जे कधी पुन्हा बघावे लागतील त्यांचे पीडीएफ किंवा पीएनजी आत्ताच करून ठेवा.

३. फ्रीप्लेन पूर्ण बंद करा. सगळ्या खिडक्या बंद करूनही शंका असेल तर टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसते का ते बघा. चालू प्रोग्राम काढायला गेलात तर काही फाईली मागे राहतात.

४. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. विंडोज १० मध्ये याच जागेचे नाव ॲप्स अँड फीचर्स. फ्रीप्लेन शोधा, विंडोज ११ मध्ये त्याच्यापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'अनइन्स्टॉल', १० मध्ये नावावरच क्लिक केले की बटण दिसते.

आता जी खिडकी येते तिच्यात साधारण असे विचारलेले असते: फ्रीप्लेन आणि त्याचे सगळे भाग 'कंप्लीटली' काढायचे का? या एका शब्दापाशी पुष्कळ जण थबकतात आणि 'नो' दाबून परत येतात. इथले 'सगळे भाग' म्हणजे इन्स्टॉलरने स्वतः आणून ठेवलेल्या फाईली. तुम्ही बनवलेल्या एमएम फाईलींना तो हात लावत नाही. 'येस' दाबा. काही सेकंदांत काम यशस्वी झाल्याचा निरोप येतो. काही भाग काढता आले नाहीत असे म्हणाला तर संगणक एकदा बंद करून सुरू करा आणि प्रोग्राम फाईल्समध्ये फ्रीप्लेनचे रिकामे फोल्डर उरले असेल तर तेवढे पुसा.

५. उरलेले आवडीनिवडींचे फोल्डर. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोट्या खिडकीत टक्क्याचे चिन्ह, इंग्रजीत ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचे चिन्ह, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर. जे फोल्डर उघडते त्याचे नाव रोमिंग. एरवी ते लपवलेले असते. त्यात फ्रीप्लेन नावाचे फोल्डर दिसेल, आत आवृत्तीच्या आकड्यांची फोल्डरे. आत काही नकाशा किंवा आपोआप ठेवलेली प्रत राहून गेली नाही ना ते उघडून बघा आणि मगच पुसा. त्याच्या आजूबाजूला दुसऱ्या सॉफ्टवेअरांची ढीगभर फोल्डरे असतात. ओळखीचे नाही म्हणून त्यांतले काही पुसायचे नाही.

लॅपटॉप विकणार असाल तर हे पाचवे पाऊल टाळू नका. अलीकडे उघडलेल्या फाईलींची नावे या फोल्डरात राहतात. लवकरच नवी आवृत्ती टाकणार असाल तर उलट ते राहू द्या.

मॅकवर ॲप्लिकेशन्समधला आयकॉन कचऱ्यात ओढायचा, आणि पहिल्या पावलात टिपलेल्या पत्त्यावरचे फोल्डर वेगळे पुसायचे. लिनक्सवरही पॅकेज काढल्याने तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्ज जात नाहीत. त्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात फ्रीप्लेनच्या नावाने असतात.

## जावा काढायची का

'विथ जावा' फाईल टाकली असेल तर तिची जावा तिच्याबरोबरच गेली, प्रश्न मिटला. वेगळी जावा टाकली असेल, किंवा ती यादीत आधीपासून दिसत असेल, तर घाई करू नका. ठेकेदारीची ई-टेंडरे भरणाऱ्यांच्या आणि डिजिटल सही वापरणाऱ्यांच्या संगणकावर ती मुद्दाम टाकलेली असते. बाबांच्या कामाच्या लॅपटॉपवरून जावा काढलीत आणि दुसऱ्या दिवशी टेंडरची शेवटची तारीख निघाली, तर माइंड मॅपचे नाव घरात पुन्हा काढता येणार नाही.

## अडलेच तर

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे कुणीतरी प्रोग्राम फाईल्समध्ये जाऊन फ्रीप्लेनचे फोल्डरच डिलीट केलेले असते. मग यादीत नाव दिसत राहते आणि 'अनइन्स्टॉल' दाबले की चूक येते, कारण काढणारी छोटी फाईल त्याच फोल्डरात होती. उपाय सोपा आहे: तीच आवृत्ती पुन्हा इन्स्टॉल करा आणि मग यादीतून रीतसर काढा. तरीही नाव हलत नसेल तर मायक्रोसॉफ्टचे इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉलच्या अडचणींसाठीचे मोफत साधन त्यांच्या साइटवर मिळते. 'रजिस्ट्री क्लीनर' म्हणून जी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात त्यांची या कामाला काहीही गरज नाही. ती स्वतःच काढायला जास्त अवघड असतात.

जुने फ्रीमाइंड काढत असाल तर पद्धत हीच, फक्त त्याच्या सेटिंग्जचे फोल्डर वेगळ्या जागी असते: तुमच्या नावाच्या यूजर फोल्डरमध्ये, नावाची सुरुवात टिंबाने, पुढे फ्रीमाइंड. एक्समाइंड काढताना खात्यातून आधी साइन आउट व्हा, विशेषतः संगणक दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर.

फ्रीमाइंड आणि फ्रीप्लेन दोन्ही एकत्र असतील तर एमएम फाईल नको त्यातच उघडत राहते. फाईलवर उजवे क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर ॲप', फ्रीप्लेन, 'ऑलवेज'. फ्रीप्लेनमध्ये सजवलेला नकाशा परत फ्रीमाइंडमध्ये उघडून सेव्ह करू नका, तिकडे नसलेल्या सोयी गळून पडतात. आणि सॉफ्टवेअर काढल्यावर नकाशाचा आयकॉन कोरा पांढरा दिसला, दोनदा क्लिक केल्यावर 'ही फाईल कशाने उघडू' असे विंडोजने विचारले, तरी फाईल शाबूत आहे. तिला उघडणारा प्रोग्राम तेवढा नाही. खात्री करायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडून बघा: कोनी कंसांच्या गर्दीत तुमच्या फांद्या ओळीने पडलेल्या असतील.